अट : प्रार्थना मोठ्याने

माझ्या खाकी शर्टाच्या खिशात एक कांदा आहे, बुक्कीने फोडलेला.

टाइमकीपर गाडेकर "शांता" एवढंच ऐकतात आणि पुढचं "राम" स्वतःच लिहून टाकतात. मी समोर उभा आहे. मी लिहू देतो.

नेवाशाच्या एसटी स्टँडवर माझी आई उसाच्या रसाचा ग्लास दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून उभी आहे. रसवाला विचारतो, मावशी, माशी पडली काय?

नऊ नंबरची चप्पल, थेट माझ्या नाकाखाली. ती माझी नाही.

मोरावळ्याची बरणी. चौथी.

कोणीतरी मोजतंय. दहा, अकरा, बारा.

हे सगळं एका हंगामातलं. आईचा रस तेवढा जुना.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यावर क्रेन चालवत होतो. हंगामी. फेब्रुवारीत काही जणांना कायम करणार होते आणि त्या यादीत माझं नाव आहे, अशी यार्डात बोलवा होती. काम असं : उसाच्या गाड्या क्रेनखाली येतात. खालची माणसं मोळीला साखळी आवळतात, कडी हुकात अडकवतात, बाजूला होतात. चाळीस फुटांवरच्या केबिनमध्ये बसलेला मी ती दोन टनांची मोळी उचलतो आणि गव्हाणीत सोडतो. गव्हाण म्हणजे ऊस आत ओढत नेणारा लांबलचक पट्टा.

आईला हे सांगितलं तेव्हा ती एकदम खूश झाली. जन्मल्यावर येशूला गव्हाणीतच ठेवलं होतं, तू चांगल्या ठिकाणी लागलास, म्हणाली. ती गव्हाण वेगळी, ही वेगळी, हे मी तिला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि रविवारी चर्चमध्ये सांगितलं की माझा मुलगा गव्हाणीवर असतो.

हुकाखालच्या माणसांचे मुख्य होते कोंडाजी तात्या. पंचावन्नचे, डाव्या गुडघ्याने लंगडणारे. दर पाळीला हुकाला हळदकुंकू लावून, हात जोडून, मगच पहिली साखळी हातात घेत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आपल्या शेजारी जेवायला बसवलं.

तिथेच घोटाळा झाला. डबा उघडला आणि मी मान खाली घालून डोळे मिटले. घरची सवय, आईची रसाच्या ग्लासापुढची. उघडले, तर तात्या माझ्याकडे बघत होते.

"काय रं, घेरी आली का?"

खरं सांगायला तीन शब्द पुरले असते. मी दोन वापरले.

"हो, जरा."

इथे शाळेचं सांगायला हवं. तालुक्याच्या हायस्कुलात मला कोणी शांतवन म्हणत नसे. हालेलुया म्हणत. मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरचे हात वर करून डोलायचे. मुलं वाईट नव्हती, त्यातल्या दोघांच्या घरी मी दिवाळीचा फराळ केलाय. पण पाच वर्षं रोज डोलणारे हात बघितल्यावर माणूस कमी दिसायला शिकतो. गाडेकरांनी मला शांताराम केलं तेव्हा मला हलकं वाटलं होतं. शांताराम साळवे. आता कोणी काही विचारणार नव्हतं.

तर घेरी.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी लिंबू आणलं. मी चोखलं. आठवड्याने त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मोरावळ्याची बरणी पाठवली. पित्ताने येते घेरी, त्या म्हणाल्या होत्या. रोज एक आवळा. मी रोज डोळे मिटायचो, रोज तात्या बघायचे, रोज मला एक आवळा मिळायचा. दिवाळीपर्यंत माझे गाल वर आले. मग एकदा मी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ मान खाली घातली आणि तात्यांच्या मेहुण्याने, रघूने, पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली. फिट आल्यावर चप्पल हुंगवतात किंवा कांदा. चप्पल घाणेरडी म्हणून तात्यांनी दुसऱ्या दिवसापासून कांदा सुरू केला. एक त्यांच्या खिशात, एक माझ्या. कुठं एकट्याला आलं तर असावा जवळ, म्हणाले.

नाताळासाठी मी दोन दिवसांची रजा टाकली. कारण लिहिलं : मावसभावाचं लग्न. परत आल्यावर सगळ्यांनी लग्नाचं जेवण कसं झालं ते विचारलं. बुंदी चांगली होती, मी म्हणालो.

एवढं सगळं करण्यापेक्षा डोळे मिटायचंच सोडून द्यावं, हे मला कधी सुचलं नाही. का, ते मला सांगता येत नाही. आईने शिकवलेलं हात आपोआप करतात. तिने सांगायला शिकवलेलं मात्र तोंडातून बाहेर पडत नव्हतं.

जेवणातलं भागलं असतं. भागलं नाही ते केबिनमधलं.

पाळी सुरू होण्याआधी मी केबिनमध्ये बसलो की दांड्यावर हात ठेवून डोळे मिटायचो. तिथे कोण बघतंय, असं मला वाटायचं. केबिनला समोर काच होती आणि काचेच्या बरोबर खाली तात्या असायचे. हुक खाली येण्याची वाट बघत, वर तोंड करून. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मोजलं. सलग चार दिवस. बारा सेकंद, कधी चौदा. मान खाली, हालचाल नाही. मग ते शेलारसाहेबांकडे गेले.

शेलारसाहेब यार्डाचे सुपरवायझर. तात्यांनी त्यांना काय सांगितलं ते साहेबांनीच मला नंतर शब्दशः ऐकवलं. पोरगं गुणाचं आहे, हात सफाईदार आहे. पण त्याला आकडी येते आणि तो ती लपवतोय. मोळी वर असताना आली, तर खाली आम्ही चौघं आहोत.

त्याच दिवशी मला क्रेनवरून उतरवलं.

कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टर निंबकरबाई मंगळवारी आणि शुक्रवारी येत. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत बॅटरी मारली, डोळे मिटून एका पायावर उभं केलं. मी उभा राहिलो. सगळं ठणठणीत निघालं आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही. तपासायच्या वेळी फिट कधीच येत नाही, म्हणाल्या. तीन महिने तू स्वतः घेरी येते असं सांगतोयस, चार माणसांनी बघितलंय. मी तुला वर बसू देणार नाही. क्रेन कायमची बंद. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"मॅडम, मला घेरी येत नाही."

"मग काय येतं?"

"मी प्रार्थना करतो."

"नोकरी जायला लागली की सगळेच करतात."

"तशी नाही. रोजची. जेवणाआधी आणि क्रेन सुरू करायच्या आधी. मी ख्रिस्ती आहे."

त्यांनी समोरचा कागद वाचला. "इथे शांताराम लिहिलंय."

"शांतवन. गाडेकरांनी चुकून लिहिलं."

"कधी?"

"ऑक्टोबरात."

"आणि आज दहा जानेवारी." त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. "शांतवन म्हणजे काय रे?"

"दिलासा, मॅडम."

"मला अजून काही मिळालेला नाही," त्या म्हणाल्या आणि बाहेर बसलेल्या तात्यांना आत बोलावलं.

तात्यांना सगळं सांगायचं काम त्यांनी माझ्यावरच सोपवलं. मी सांगितलं. घेरी नव्हती, फिट नव्हती. लग्न नव्हतं, बुंदीही नव्हती. मी बोलत होतो आणि तात्या खिशातला कांदा बाहेर काढून हातात फिरवत होते. 

"म्हंजे आमच्या हिचा मोरावळा तू तसाच खाल्लास."

"हो."

"चार बरण्या."

"हो, तात्या."

"मी रोज हुकाला कुंकू लावतो. साठ गाडीवाल्यांच्या म्होरं लावतो. कुणी म्हणलं का, कोंडाजीला घेरी आली? तुझा देव काय चोरीचा हाय का, असा झाकून न्यायला?"

मी निंबकरबाईंकडे बघितलं. त्या कागदाकडे बघत होत्या.

पण क्रेनचा प्रश्न तसाच होता. मी जागा आहे हे फक्त मी म्हणत होतो, आणि माझं म्हणणं आता किती धरायचं? बाईंनी तेच बोलून दाखवलं. डोळे मिटू नकोस म्हणून सांगितलं, तर हा पुन्हा चोरून मिटणार. मिटू दिले, तर हा प्रार्थना करतोय की बेशुद्ध आहे, ते खालच्यांना कसं कळणार?

उत्तर तात्यांनी दिलं.

"डोळे मिट. पण तोंड उघडं ठेव."

"म्हणजे?"

"मोठ्यानं म्हण. आवाज चालू असला की मला कळंल, तू जागा हाईस. आवाज थांबला की मी शिडी चढतो."

निंबकरबाईंनी पेन उचललं आणि लिहिलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. कामावर घेण्यास योग्य. अट : प्रार्थना मोठ्याने. खाली सही आणि शिक्का.

शेलारसाहेबांनी कागद दोनदा वाचला. उद्या बाराच्या पाळीला वर बस, म्हणाले. तात्याची खात्री पटली तर क्रेन तुझी. नाही पटली तर फाटकावरच्या कामाला जायचं आणि कायमच्या यादीतून नाव कमी. मी उभाच राहिलो तेव्हा त्यांनी विचारलं, काय अडचण आहे का? अडचण नाही, म्हणालो.

अडचण ही की बाराच्या पाळीला यार्डात सगळा तालुका असतो.

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. माझ्या घेरीचं ऐकून हसली, कांद्याचं ऐकून तिला खाली बसावं लागलं. बुंदीशी आल्यावर हसणं थांबलं. नाताळाच्या दिवशी मी तिच्या शेजारी बसून गायलो होतो आणि यार्डात ते मावसभावाचं लग्न झालं होतं.  तिने उठून चारही बरण्या घासल्या, पुसल्या, फडताळातून नाताळच्या करंज्या काढल्या आणि भरायला लागली.

"उद्या ह्या त्या मोरावळ्यावाल्या बाईंना नेऊन दे. कशाच्या म्हणून विचारलं तर काय सांगशील?"

"नाताळच्या."

"पुन्हा म्हण. ऐकू नाही आलं."

"नाताळच्या, आई."

"हां. एवढ्याच आवाजात."

दुसऱ्या दिवशी ऊन छान पडलं होतं. बैलगाड्यांची रांग फाटकापर्यंत गेली होती, पलीकडे ट्रॅक्टर, चहाच्या टपरीवर गर्दी. ही बातमी कोणी पसरवली हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण टाइमकीपर गाडेकर कधी यार्डात येत नसत आणि त्या दिवशी आले होते. निंबकरबाईंचा वार नव्हता. त्याही होत्या, शेलारसाहेबांच्या शेजारी, डोक्यावर रुमाल धरून.

बाराचा भोंगा झाला. तात्यांनी हुकाला कुंकू लावलं, हात जोडले, बाजूला झाले आणि वर बघितलं.

मी केबिनची खिडकी सरकवली. दांड्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. आता चाळीस फुटांवरून, खाली गव्हाण घरघरत असताना, प्रार्थना ओरडून करावी लागते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. घरी आम्ही हळू बोलतो. चर्चमध्ये पाळकसाहेबांच्या पुढे माईक असतो. मी घरच्यासारखं म्हणत होतो आणि ते मलाही नीट ऐकू येत नव्हतं.

खालून रघूचा आवाज आला, काय सुद्धा ऐकू येत न्हाई. मग लोखंडाचा आवाज. ठण. जरा वेळ. ठण. मी एक डोळा उघडला. तात्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होते. वाईट गुडघा ओढत, एका हाताने कठडा धरून वर येत होते. दुसऱ्या हातात कांदा.

मी डोळा मिटला आणि ओरडलो.

"हे बापा!"

"कुणाचा बाप?" एका गाडीवाल्याने विचारलं. रांगभर हशा झाला.

"हे आमच्या स्वर्गातल्या बापा," मी आणखी जोरात म्हणालो. आता थांबणं बोलण्यापेक्षा अवघड होतं. शब्द नेहमीचेच होते, गेले तीन महिने रोज तेच होते, फक्त आवाज नवा होता. "माझा हात घसरू देऊ नकोस. साखळी तुटू देऊ नकोस. हुकाखाली माणसं आहेत, त्यांच्या डोक्यावर तुझा हात ठेव. कोंडाजी तात्यांना सांभाळ, त्यांच्या गुडघ्याला आराम दे. काकूंचा दमा कमी कर. रघूला सांभाळ, त्याला मुलगी झालीय, तिलाही सांभाळ. नामदेवला सांभाळ. भिकाजीला सांभाळ, तो फार जवळ उभा राहतो, त्याला अक्कल दे. संध्याकाळी सगळे आपापल्या घरी पोचू देत. येशूच्या नावाने मागतो. आमेन."

डोळे उघडले. गव्हाण घरघरत होती. हसणारे कधी थांबले ते मला कळलं नाही. भिकाजी दोन पावलं मागे सरकलेला दिसला. तात्या अजून तिसऱ्या पायरीवरच होते.

"हे रोज म्हणतोस?" त्यांनी खालून ओरडून विचारलं.

"रोज."

"हेच?"

"हेच. रघूची मुलगी डिसेंबरपासून."

"माझं नाव रोज?"

"सगळ्यांत आधी, तात्या."

त्यांनी कांदा खिशात ठेवला. शिडीवरच थोडं वळून यार्डाकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"गुडघ्याचं कधीपासनं सांगतोयस?"

"दिवाळीपासून."

"अजून दुखतोय. उद्यापासनं ते जरा जोरात सांग."

हशा पुन्हा झाला, पण या वेळी मीही त्यात होतो. तात्या एकेक पायरी उतरले, हुकाखाली गेले, पहिली साखळी अडकवली आणि हात वर केला. मी मोळी उचलली. निंबकरबाई रुमाल घडी करत निघून गेल्या.

पुढचं भराभर.

काकूंनी करंज्या ठेवून घेतल्या आणि एक बरणी परत भरून दिली. आता घेरीशिवाय खा, असा निरोप होता. गाडेकरांनी दुरुस्ती करायला आठ दिवस लावले आणि शेवटी "शांताराम ऊर्फ शांतवन" असं लिहिलं. शांताराम त्यांना सोडवेना. कायमच्या यादीत ते तसंच छापून आलं.

तिसऱ्या दिवशी यार्डातून कोणीतरी जोरात ओरडलं : ए हालेलुया. मला वाटलं, आली शाळा इथेही. खिडकीतून डोकं काढून मी "बोला" म्हणालो. रघू होता. क्रेन जरा डावीकडे घे, असं त्याला म्हणायचं होतं. बाकी सगळी नावं गव्हाणीच्या आवाजात बुडत होती आणि हे तेवढं ऐकू येत होतं. मी क्रेन डावीकडे घेतली.

आमेन ऐकल्याशिवाय साखळीला हात लावायचा नाही, असं हुकाखालच्यांनी आपसात ठरवून टाकलं. पुढच्या हंगामात रात्रपाळीला क्रेनवर मारुती खेमनर म्हणून नवा माणूस आला. त्याला प्रार्थना येत नव्हती आणि करायचीही नव्हती, पण तो "आमेन" म्हणेपर्यंत खाली कोणी हलत नसे. दोन दिवस भांडला, मग म्हणायला लागला. टपरीवर गाडीवाले एकमेकांना विचारत, आमेन झालं का? म्हणजे पाळी सुरू झाली का. आईला हे कळलं तेव्हा तिने चर्चमध्ये काय काय सांगितलं असेल ते मी विचारलं नाही.

मी त्या क्रेनवर सत्तावीस हंगाम काढले. हुकाखाली एकही माणूस जखमी झाला नाही. तात्यांचा गुडघा बरा झाला नाही.

मोठ्याने प्रार्थनेच्या त्या पहिल्या दिवशी माझ्या क्रेनखाली उभं राहायची तात्यांवर सक्ती नाही, हवं तर फाटकावर बसावं, अशी चिठ्ठी शेलारसाहेबांनी त्यांना आदल्या संध्याकाळीच दिली होती. तात्यांनी ती गाडेकरांकडून वाचून घेतली आणि तिच्यात तंबाखू बांधली.